हिरव्या रंगाखालची जीप

‘१९४४ मॉडेल. मिलिटरी विलीज. इंजिन टॉप, पेपर क्लिअर, एकहाती गाडी. शौकिनांनीच फोन करावा.’

भाच्याने मोबाइल पुढे केला तेव्हा मी हा मजकूर दोनदा वाचला. ‘एकहाती’वर अडलो. १९४४ साली ज्याने गाडी घेतली तो त्या वेळी विशीत असला तरी आज शंभरी ओलांडून बसलेला असणार. गाडी जिथे होती त्या वडवणीत असा माणूस असता तर त्याचीच मुलाखत दिवाळी अंकाला दिली असती. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, तसं लिहायची पद्धतच असते. गाडी तर बघा.”

फोटोत गाडी देखणी होती. गडद हिरवा लष्करी रंग, बॉनेटवर पांढरा तारा, बाजूला कुदळ-फावडं पट्ट्यांनी बांधलेलं, मागे लोखंडी डबा. भाच्याचं रस्त्यावर हॉटेल आहे. जीप दारात उभी करायची, संध्याकाळी तिच्यावर माळा सोडायच्या, लग्नसराईत वरातीला भाड्याने द्यायची, असा त्याचा हिशेब. किंमत साडेपाच लाख. त्याने पन्नास हजार विसार द्यायची तयारीही केली होती. “विसार देऊ नकोस, मी उस्तादांना घेऊन येतो,” एवढं सांगून मी निघालो.

उस्ताद म्हणजे बीडचे एक जुने मिस्त्री. त्यांना सगळे मामू म्हणतात, मी उस्ताद म्हणतो. चाळीस वर्षं जीपखाली आडवं पडण्यात गेली. आता गॅरेज मुलगा बघतो. जीप बघायची म्हटल्यावर त्यांनी टॉर्च, लोहचुंबक, मोजपट्टी, खडू आणि जुन्या साडीचा तुकडा एवढं एका पिशवीत भरलं आणि निघाले.

बीडहून परळीच्या रस्त्याने वडवणीला जाताना जीपचा विषय निघाला नाही असं होतच नाही. रेल्वे बीडला पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. वडवणीवरून परळीकडे जाणारा रूळ त्याच मार्गाचा पुढचा तुकडा. त्याआधीची सगळी वर्षं या भागाची रेल्वे म्हणजे काळी-पिवळी जीप. पुढे ड्रायव्हर धरून चौघं, त्यातला एक ड्रायव्हरच्याही उजव्या अंगाला. मधे पाच, मागे समोरासमोर आठ, टपावर पोती, आणि फाळक्यावर उभं राहून लटकणारे मोजायचेच नाहीत. बाजाराला, दवाखान्याला, मुलगी बघायला, कोर्टाच्या तारखेला आम्ही असेच गेलो. त्या जीपांना कुणी विंटेज म्हटलं नाही. त्या भंगारात गेल्या. आणि आता त्यांच्याच चुलत भावंडांना पांढरा तारा चिकटवून ‘महायुद्धातली गाडी’ म्हणून विकलं जातंय.

गाडी रस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. विकणारा तरुण, बोलायला गोड. आम्ही पोचायच्या आत त्याने इंजिन चालू करून गरम ठेवलं होतं. उस्तादांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे इंजिन बंद करायला लावलं. गरम इंजिन पहिल्याच किल्लीला लागतं. थंड इंजिनाला किती वेळ घरघरावं लागतं आणि धूर कोणत्या रंगाचा येतो, ते विकणाऱ्याला दाखवायचं नसतं. “थंड होऊ दे, तवर बाकीचं बगू,” म्हणाले.

मग ते जीपच्या समोर उभे राहिले आणि नाकाच्या जाळीतल्या उभ्या फटी बोटाने मोजल्या. सात.

इथे थोडं मागे जायला हवं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी ही छोटी गाडी दोन कारखान्यांनी बनवली. विलीज-ओव्हरलँडच्या गाडीचं नाव एमबी, फोर्डच्या गाडीचं जीपीडब्ल्यू. दोघांनी मिळून १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांच्या वर गाड्या काढल्या. अगदी सुरुवातीच्या विलीजला जाळीऐवजी पट्ट्या जोडलेल्या होत्या. पुढे १९४२ पासून दोन्ही कारखान्यांनी एकाच पत्र्यात ठोकून काढलेली जाळी बसवली आणि तिला नऊ फटी होत्या. युद्ध संपल्यावर विलीजने शेतकऱ्यांसाठी जी नागरी जीप काढली, सीजे-२ए, तिला सात फटी. तेव्हापासून जीपच्या तोंडात सातच. म्हणजे १९४४ च्या लष्करी जीपला सात फटी असणं म्हणजे कोंबडीला दात असण्यासारखं. जाळी बदलली असेल, असं विकणारा म्हणू शकतो, आणि म्हणालाही. म्हणून एका खुणेवर थांबायचं नसतं.

दुसरी खूण मागे. युद्धातल्या जीपला मागचा उघडणारा फाळका नव्हताच. मागे सलग पत्रा, त्यावर स्टेपनी, आणि मागच्या दोन कोपऱ्यांत अवजारांच्या छोट्या पेट्या. फाळका आला तो युद्धानंतर, शेतावरची पोती चढवता यावीत म्हणून. या गाडीला फाळका होता आणि त्यावर ठसठशीत ‘विलीज’ असं उठवलेलं होतं. इथे उस्ताद हसले. कारखान्याचं नाव पत्र्यावर उठवण्याची हौस युद्धाच्या सुरुवातीला दोन्ही कंपन्यांना होती. सैन्याने १९४२ च्या मध्यात ती बंद करायला लावली. त्यामुळे १९४४ च्या खऱ्या गाडीवर नाव शोधूनही सापडत नाही. जितकं नाव मोठं तितकी गाडी धाकटी, असा उस्तादांचा हिशेब आहे.

तिसरी खूण सगळ्यात सोपी. ती लांबूनच दिसत होती, पण मला उस्तादांनी सांगितल्यावर दिसली. बॉनेट उंच होतं. युद्धातल्या जीपचं बॉनेट सपाट आणि बसकं, कारण तिच्या साठ अश्वशक्तीच्या ‘गो-डेव्हिल’ इंजिनाचे व्हॉल्व्ह बाजूला होते. १९५३ साली विलीजने सीजे-३बीमध्ये ‘हरिकेन’ हे नवं इंजिन बसवलं, त्यात एक व्हॉल्व्ह डोक्यावर गेला, इंजिन उंच झालं आणि त्याला झाकायला बॉनेटही वर न्यावं लागलं. भारतात महिंद्रांनी पुढे वर्षानुवर्षं बनवली ती हीच उंच कपाळाची जीप. आपल्या डोळ्यांत ‘जीप’ म्हणून जी आकृती बसलीय ती सीजे-३बीची आहे. म्हणूनच ती युद्धातली म्हणून खपते. बघणाऱ्याला ती ओळखीची वाटते, आणि ओळखीचं ते जुनंच असणार असं आपण धरून चालतो.

महिंद्रांची सुरुवातही गमतीची आहे. १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाने ही कंपनी निघाली, धंदा पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. कंपनी १९४८ साली ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. विलीजचे सुटे भाग बोटीने आणून मुंबईत, माझगावला, जोडायचे असं हे काम सुरू झालं. डावीकडून चालवायच्या त्या गाड्या डावीकडूनच चालत राहिल्या. मागे पाटी असायची: ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह, नो सिग्नल’. हात बाहेर काढून वळण दाखवता येत नाही, तुमचं तुम्ही बघा, असा त्याचा अर्थ.

तर दहा मिनिटांत १९४४ चं मॉडेल १९५३ च्या पुढे आलं होतं. विकणाऱ्याचा चेहरा हलला नाही. “आरसीवर १९६६ आहे सर,” तो म्हणाला, “निजामाच्या काळात पासिंग कुठं व्हायचं? गाडी आधीचीच आहे.” बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं हे खरं, पण हैदराबाद संस्थानात मोटारींची नोंद होत नव्हती असं नाही. ज्या निजाम घराण्याकडे १९१२ ची सिंहासनाची रोल्स-रॉइस होती त्याच्या राज्यात मोटारी बेवारशी फिरत होत्या, हे ऐकायला बरं वाटतं एवढंच. इतिहास असा अर्धा सांगितला की ऐकणारा मान डोलावतो. जुन्या गाडीच्या बाजारात हे नेहमीचं आहे. एखादा ‘१९७१ ची पद्मिनी’ विकतो. पण पद्मिनी हे नावच १९७४ साली आलं, त्याआधी ती फियाट ११०० डिलाइट आणि प्रीमियर प्रेसिडेंट होती. ‘१९५५ ची अँबेसिडर’ तर निघालेलीच नाही. तेव्हा हिंदुस्थान मोटर्सची लँडमास्टर होती. मुंबईतून येणाऱ्या ‘घरात वापरलेल्या’ फियाटच्या डाव्या मडगार्डावर बुजवलेली भोकं सापडली तर तिथे टॅक्सीचा मीटर होता असं समजावं. दाराच्या रबराखाली पिवळा रंग निघाला तर विचारायलाच नको. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्याबरोबर आठवणींचा महापूर आला, आणि फियाट विकणाऱ्यांचाही.

आता लोहचुंबक. उस्तादांनी ते साडीच्या तुकड्यात गुंडाळलं, म्हणजे रंगाला ओरखडा नको, आणि गाडीच्या अंगावरून फिरवलं. पत्रा असेल तिथे चुंबक कापडासकट धरतं. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे ते ढिलं पडून घसरतं. जीपच्या कुशीला, पायदानाच्या वर, ते दोन ठिकाणी घसरलं. पण बाकीचा मागचा सगळा डबा घट्ट धरत होता, आणि उस्तादांना तेच खटकलं. साठ वर्षांच्या जीपचा तळ इतका धडधाकट नसतो. चिखल, शेण, खताची पोती, आणि पावसात भिजलेलं गोणपाट यांनी तो कधीच चाळणी व्हायला हवा. खाली वाकून पाहिलं तर पत्र्याच्या घड्या धारदार, वेल्डिंगचे ठिपके नवे, आणि जुन्या रंगाचा थर कुठेच नाही. हा डबा नवाच होता.

असे डबे कुठून येतात हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. हरियाणा-पंजाबच्या सीमेवर मंडी डबवाली नावाचं गाव आहे. लष्कराच्या लिलावातल्या जीपा आणि त्यांचे सुटे भाग घेऊन तिथल्या कारागिरांनी जीप बनवण्याचा उद्योगच उभा केला. मागाल तसा पत्रा, मागाल ते इंजिन, रुंद टायर, लांब बंपर. कारागिरी वाईट नसते. मला तर तिचं कौतुकच आहे. डबवालीची जीप म्हणून डबवालीची जीप विकली तर कोण कशाला तक्रार करेल? तिला महायुद्धात धाडली की बिघडतं.

इथे एक खरा प्रश्न आहे, आणि तो टाळून चालणार नाही. जुन्या गाडीत किती जुनं राहिलं म्हणजे ती जुनी? आजीची गोधडी आठवा. वरचं लुगडं विरलं की दुसरं लागतं, आतल्या चिंध्या बदलतात, टाके नवे येतात, तरी ती आजीचीच गोधडी राहते. लंडनच्या उच्च न्यायालयात १९९० साली नेमका हाच वाद गेला होता. ‘ओल्ड नंबर वन’ म्हणून ओळखली जाणारी बेंटली, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली. एडवर्ड हबर्ड यांनी ती एक कोटी पौंडांना विकायचा करार केला आणि घेणारी कंपनी मागे हटली: ही ती गाडीच नाही, शर्यतीतलं तिच्यात जवळपास काही उरलेलं नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. भाग बदलत गेले हे त्यांनी मान्य केलं, पण गाडीचं आयुष्य कुठेही तुटलेलं नव्हतं. एकाच गाडीवर एकामागून एक बदल होत गेले आणि प्रत्येक बदल ठाऊक होता.

गोधडीचंही तेच. पण चार घरच्या चिंध्या बाजारातून आणून एका रात्रीत शिवायच्या आणि ‘आमच्या पणजीची’ म्हणून विकायच्या, ही गोधडी वेगळी. शेडमधली जीप कोणत्या जातीची, ते चेसीवर ठरणार होतं.

चेसीचा नंबर शोधायला उस्ताद आडवे झाले. आरटीओत गाडी नावावर करताना कागद ठेवून पेन्सिल घासून चेसी नंबरचा ठसा घेतात. उस्तादांनी त्याआधी खडू चोळला. अंक नीट उठले. पण ते एका बोटभर लांबीच्या चौकोनी तुकड्यावर होते आणि त्या तुकड्याच्या चारी बाजूंनी, घासून गुळगुळीत केलेली, वेल्डिंगची रेघ होती. खडूने ती पांढऱ्यावर पांढरी उमटली. टॉर्च तिरका धरला तेव्हा सावलीत स्पष्ट दिसली. नंबर आरसीतला होता, अगदी जुळत होता. फक्त तो दुसऱ्या चेसीवरून कापून इथे बसवलेला होता.

भाचा माझ्याकडे बघत होता. मी विकणाऱ्याकडे. तो रस्त्याकडे.

याचा अर्थ सांगायला हवा, कारण बरेच लोक इथे ‘कागद जुळतात ना, मग झालं’ म्हणून सोडून देतात. ज्या गाडीचे कागद आहेत ती गाडी कुठेतरी भंगारात गेली आहे आणि जी गाडी समोर आहे तिचे कागद जन्मालाच आलेले नाहीत किंवा दाखवण्याजोगे नाहीत. खालची चेसी चोरीची असू शकते, अपघातात चिरडलेलीही असू शकते. पोलिसांनी अडवली तर उत्तर गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याने द्यायचं. अपघात झाला तर विमा कंपनी कागद मागते, सर्व्हेअर चेसी बघतो आणि मग कंपनी हात वर करते. आणि गाडी विकणाऱ्यांनीही ऐकावं: फक्त सही केलेले फॉर्म हातात देऊन, घेणाऱ्याच्या नावावर न करता गाडी सोडली तर आरटीओच्या नोंदीत मालक तुम्हीच राहता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगून टाकलं की नोंदीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो.

बॉनेट उघडलं. आरसीत इंधन पेट्रोल. आत डिझेल इंजिन, मॅटाडोरचं. याचं आश्चर्य नव्हतं. पेट्रोल परवडेना तेव्हा आपल्याकडे हजारो जीपांनी पोट बदललं आणि त्या पोटावर लोकांचे संसार चालले. पण आरटीओकडून तो बदल आरसीत चढवून घ्यावा लागतो. तो चढवलेला नव्हता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. “विंटेजचं पासिंग करून घेऊ की,” विकणाऱ्याने तोडगा सुचवला. ते पासिंग काय आहे? केंद्राने जुलै २०२१ मध्ये नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे विंटेज. चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीला वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, त्यासाठी पेट्रोल भरणं, दुरुस्ती यापुरतीच रस्त्यावर आणता येते. भाड्याने वरातीला नेणं त्यात बसत नाही. म्हणजे या जीपला ती पाटी मिळणार नव्हती, आणि मिळाली असती तरी भाच्याच्या धंद्याला उपयोग नव्हता.

इथवर सगळं फसवणुकीचं झालं. पैसे बुडतात, माणूस वाचतो. उस्तादांचा आवाज चढला तो पुढे.

ते गाडीत बसले आणि ब्रेकच्या पायपट्टीवर पाय दाबून धरला. पंप मारला नाही, नुसता दाबून धरला. मनात मोजत होते. पायपट्टी आधी अर्ध्यावर थांबली; मग हळूहळू, तळहातावरचा बर्फ विरघळावा तशी, खाली जात जात तळाला टेकली. बाहेर तेलाचा थेंब नाही. याचा अर्थ मास्टर सिलिंडरमधली रबरी वाटी आतल्या आत तेल सोडत होती. गावात, सपाटीवर, दोनदा पाय मारला की ब्रेक लागतो आणि माणसाला वाटतं, जुनी गाडी आहे, चालायचंच. या जीपच्या ब्रेकची नळी एकच. आजच्या गाडीत दोन वेगळे मार्ग असतात, एक गेला तरी दुसरा अर्धी गाडी थांबवतो. इथे एक वाटी, एक रबरी पाइप किंवा एक सांधा गेला की चारही चाकं मोकळी. मूळ जीपला नऊ इंची ड्रम होते, साठ अश्वशक्तीच्या हलक्या गाडीपुरते. त्याच ड्रमांवर आता डिझेलचं जड लोखंड पुढे, पोलादी बंपर, रुंद टायर आणि मागे वरातीतली दहा माणसं.

वडवणीहून तेलगावला जाऊन पुढे धारूरचा घाट ज्यांनी चालवलाय त्यांना अधिक सांगायला नको. अरुंद रस्ता, एका बाजूला कडा, वळणावर समोरून उसाची ट्रॉली. उतारावर पहिल्या वळणाला पाय दाबलेलाच ठेवावा लागतो. पायपट्टी तळाला टेकायची ती तिथेच टेकणार.

उस्तादांनी पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं. किंगपिन कटकटलं. स्टिअरिंग तर चाक हलायच्या आधी चार बोटं नुसतंच फिरत होतं. टायर नवेकोरे दिसत होते, काळं पॉलिश मारलेले. बाजूच्या अंडाकृती चौकटीत चार अंक असतात, ते बघायचे: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. इथे ‘३११४’. म्हणजे २०१४ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी शाबूत, पण रबर वाळून कोपऱ्यांत केसासारख्या भेगा. पुढची काच साधी, खिडकीची, गावातच कापून घेतलेली. फुटली तर सुऱ्या होऊन तोंडावर येणारी. आणि डिझेलची टाकी मूळ जागी, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या बैठकीखाली. तिच्यावरून उघड्या वायरी गेल्या होत्या, सांध्यांना चिकटपट्टी.

यातली एकही गोष्ट फोटोत दिसत नाही. आणि यातलं काहीच दुरुस्त न होण्यासारखंही नाही. वाटी शे-दोनशेची, किंगपिनचा संच हजारांत, काच, टायर, वायरिंग सगळं मिळतं. जो साडेपाच लाख मागतो त्याने वाटी का बदलली नाही? कारण सगळा खर्च तारा, कुदळ आणि हिरव्या रंगावर गेला. गिऱ्हाइकाची नजर तिथे जाते. खोटं साल सांगणारा माणूस ब्रेकबद्दल खरं सांगेल, असा अनुभव निदान मला तरी नाही.

एक जाता जाता. जुनी पेट्रोल गाडी घेणाऱ्यांनी इथेनॉलचाही विचार करावा. २०२५ पासून देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या रबरी नळ्या, कार्बोरेटरच्या वाट्या आणि पंपाचे पडदे ते सोसण्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात, गळतात. त्या बदलून घ्याव्यात. याच तालुक्यातली माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला घरं बंद करून जातात. त्या उसाच्या मळीतून निघालेलं इथेनॉल फिरून आमच्याच जीपांच्या नळ्या खायला परत येतं.

एव्हाना भाच्याने विसार देण्याचा विचार सोडला होता. विकणारा चारवर आला, मग साडेतीनवर. उस्ताद बॉनेट बंद करत होते. हात फिरवताना ते थांबले आणि नखाने एका जागी रंग टोकरू लागले.

“कामून खरचटायलाव मामू? नवा रंग हाय!”

“बॉनेट जुनं हाय रे. हेच एक जुनं हाय,” उस्ताद म्हणाले.

चुंबक तिथे घट्ट बसत होतं आणि पत्रा जाड, कडेला दबका, कधीतरी ठोकून सरळ केलेला. हिरव्याखाली राखाडी. राखाडीखाली पांढरट. त्या पांढरटावर, ब्रशने काढलेलं, काळं एक ‘त’. उस्तादांनी माझ्याकडून रुमाल घेतला, थिनरच्या बाटलीत बुडवला आणि सावकाश घासलं. ‘यत’. मग ‘चायत’. मग त्याच्या उजवीकडे ‘समि’. पुढचं लांबीखाली गेलं होतं.

पंचायत समिती. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या त्या १ मे १९६२ रोजी. बीडीओची जीप ही तेव्हाच्या कित्येक गावांनी पाहिलेली पहिली मोटार. ती आली की पोरं धुळीमागे पळायची आणि पाटील टोपी शोधायचे. १९७२ च्या दुष्काळात याच जीपा खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगेपुढे येऊन थांबत. हजेरीपट, मोजमाप, पगाराची पेटी यांतूनच यायची. माझ्या आईने नालाबंडिंगच्या कामावर दगड वाहिलेत. साहेबाची जीप दिसली की मुकादम ओरडायचा आणि सगळ्या बसलेल्या बाया उठून पाट्या उचलायच्या, हे ती हसून सांगायची. पुढे अशा जीपा सरकारी भाषेत ‘निर्लेखित’ झाल्या, कचेरीच्या मागे लिंबाखाली उभ्या राहिल्या, लिलावात गेल्या, कुणी काळी-पिवळी केल्या, कुणी मॅटाडोरचं इंजिन घातलं. ही त्यांतलीच एक होती, किंवा तिचं निदान बॉनेट तरी.

मी विकणाऱ्याला म्हणालो, “भाऊ, ही अक्षरं उघडी ठेवा. पंचायत समितीची जीप म्हणून विका. जे नवं आहे ते नवं म्हणून सांगा, चेसीचा घोळ आधी आरटीओत निस्तरा, ब्रेक करा.”

तो हसला. “सर, पंचायत समितीच्या गाडीला साडेतीन कोण देईल? विलीज म्हटलं की पुण्याचं गिऱ्हाईक येतंय.”

भाच्याने चहा मागवला. उस्तादांनी सामान पिशवीत भरलं, साडीचा तुकडा झटकून घडी केला. आम्ही रस्ता ओलांडून गाडीत बसलो आणि मी मागे पाहिलं तेव्हा शेडमधला पोऱ्या हातात डबा घेऊन बॉनेटवर वाकला होता. ‘चायत समि’वर तो पात्याने लांबी ओढत होता.